मखराची मागची बाजू

आमच्या घरात अक्षरं उलटी लिहिली जायची. जव्हारच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. बाबा थर्माकोलची मखरं करायचे, लग्नाच्या स्टेजवर लावायची नावं कापायचे, कुणाच्या उद्घाटनाला ‘सुस्वागतम’ करून द्यायचे. थर्माकोलवर पेन्सिलीने आखलं की रेघ राहते, आणि खोडायला जावं तर डाग पडतो. म्हणून बाबा तक्ता पालथा घालायचे, मागच्या बाजूवर अक्षरं उलटी आखायचे आणि तिथूनच कापायचे. कापून झालं की तुकडा सुलटा करायचा. पुढून पांढरंशुभ्र अक्षर, आणि रेघा, टाचण्या, बांबूच्या काड्या, चिकटपट्ट्या सगळं मागे. “लोकांना पुढून दिसतं, मग पुढं काही दिसता कामा नये,” हा बाबांचा कायदा होता. मी शाळेत पाटीवर पहिला ‘क’ काढला तो उलटा. बाईंनी आईला बोलावून घेतलं तेव्हा आई म्हणाली, “तिचा दोष नाही हो, आमच्याकडे सगळं असंच चालतं.”

बाबांची कापायची तार म्हणजे जुन्या शेगडीच्या कॉइलमधली तार, लाकडी धनुकलीवर ताणलेली. तिला करंट दिला की ती तापायची आणि थर्माकोलमधून बारीक चर्र करत जायची. त्या आवाजावर आईच्या पिको-फॉलच्या मशीनचा आवाज चढायचा, मग बाबा रेडिओ मोठा करायचे, मग आई आणखी जोरात पायडल मारायची. श्रावण-भाद्रपदात तर घरात जळक्या थर्माकोलचा वास आणि हवेत पांढरे दाणे. केसांत दाणे, पाण्याच्या माठावर दाणे, भाकरीवर दाणे. नागलीच्या काळपट भाकरीवर ते लगेच दिसायचे, पण वरईच्या भातात काही केल्या ओळखू यायचे नाहीत, त्यामुळे लहानपणी मी बरंच थर्माकोल खाल्लं असणार. आई म्हणायची, म्हणूनच हिचं डोकं हलकं राहिलं. अजूनही वरईचा भात पानात आला की मी आधी एक शीत दाताखाली दाबून बघते.

मग थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. ती चुकीची होती असं मी म्हणत नाही. विसर्जनानंतर काठाला साचलेले पांढरे दाणे मीही पाहिलेत आणि मला तेव्हाही ते चांगले वाटले नव्हते. पण बाबांना ती वर्मी लागली. “तीस वर्षं मी कचरा केला म्हणे,” एवढंच एकदा बोलले आणि धनुकली खुंटीला टांगली. माळ्यावर तक्ते छतापर्यंत रचून ठेवले होते, ते तसेच राहिले. त्या वर्षी गणपतीत आमच्या घरात कधी नव्हे इतकी स्वच्छता होती आणि ती बघवत नव्हती. बाबा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. आईचा मावसभाऊ वापीला एका गोदामावर होता, त्याने रखवालदाराची जागा आहे म्हणून कळवलं. आपली खोली आहे, दोघं राहू, संक्रांत झाली की या. बाबा हो म्हणाले. आईने खाटेखालची बॅग काढून उन्हात ठेवली. मी तेव्हा अकरावीला होते. बाबांशिवायचं घर कसं असेल याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर तोच विचार करत होते.

त्याच सुमाराला, दसरा उलटून भात कापायला आलं तेव्हा, सोमाकाका आले. ते जामसरकडचे. मी लहान असताना दर श्रावणात आमच्याकडे मखरं चिकटवायला यायचे. पुढे कल्याणच्या बाजूला मजुरीला गेले आणि तिथं त्यांना अजब काम मिळालं. एका मोकळ्या मैदानात काही हौशी लोक रविवारी रिमोटची छोटी विमानं उडवायचे. गवत कापायचं आणि पडलेली विमानं शेतांतून शोधून आणायची, हे सोमाकाकांचं काम. पडलेलं विमान आणता आणता ते जोडायला शिकले, आणि जोडता जोडता उडवायलाही. तिथल्या एका साहेबाने हौस संपल्यावर आपला जुना रिमोट, एक मोटर आणि बॅटऱ्या त्यांना देऊन टाकल्या. ते सगळं पिशवीत घालून ते भातकापणीला गावी आले होते आणि आमच्या दुकानात आले होते ते थर्माकोल मागायला.

“दादा, तुझ्याकडं माल पडलाय. पंख कापून दे,” ते बाबांना म्हणाले. सोमाकाका सगळ्यांनाच तू म्हणायचे, तहसीलदाराला सुद्धा.

“मी सोडलं आता,” बाबा म्हणाले.

“मी कापते,” मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी तोवर आयुष्यात सरळ चौकोनही कापला नव्हता.

धनुकली मी खुंटीवरून काढली. तीन पंख कापले, तिन्ही वाकडे. तार जळून तुटायला आली. मी म्हणाले, लाईट कमी-जास्त होतेय. पायरीवरून बाबांचा आवाज आला, “नाचता येईना, अंगण वाकडं.” कित्येक दिवसांत ते आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. आईचं मशीन थांबलं. बाबा उठून आत आले, माझ्या हातातून धनुकली घेतली आणि सोमाकाकांना विचारलं, “कसा पाहिजे पंख?” सोमाकाका म्हणाले, वरून खालून सारखा, म्हणजे कसाही फिरवला तरी उडेल. बाबांनी तक्ता पालथा घातला. चर्र असा आवाज सुरू झाला आणि आई उगीचच पदराने नाक पुसत चहा ठेवायला गेली. गवती चहाचा वास आणि जळक्या थर्माकोलचा वास असे दोन्ही एकत्र आले की आजही मला घर आठवतं.

रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत मी जीपने जामसरच्या फाट्यापर्यंत जायचे आणि तिथून चालत सोमाकाकांच्या शेतावर. कापणी झालेली खाचरं, मधोमध सारवलेलं खळं, बाजूला पेंढ्यांचे भारे. उडवायच्या आधी सोमाकाकांचा एक नेम होता. विमान हातात धरायचं, रिमोटच्या दांड्या हलवायच्या आणि पंखांचे कान, म्हणजे कडेच्या हलत्या पट्ट्या, आणि शेपटीची पट्टी नीट हलतात का ते बघायचं. दांडी मागे ओढली की पट्टी वर उचलली पाहिजे, म्हणजे विमान नाक वर करणार. “कोणी बांधला ते इचारायचा नाय. मी बांधला तरी बघायचा,” ते म्हणायचे. हे इतक्या वेळा म्हणायचे की मला त्याचा कंटाळा आला होता.

सरळ उडवायला मी पंधरा दिवसांत शिकले. आठ-नऊ वेळा नाक फुटलं, दोनदा पंख मोडला. दर वेळी मी मोडकं विमान घेऊन घरी यायचे आणि बाबा नवीन अंग कापून द्यायचे. मोटर आणि आतलं सामान तेवढं जपायचं, कारण ते एकच होतं. थर्माकोल मात्र माळ्यावर ढीगभर पडलं होतं. आई म्हणायची, “पोरीने बापाचा माल संपवायचा विडाच उचललाय.” तिलाही बरं वाटत होतं, हे तिच्या पोळपाटाच्या आवाजावरून कळायचं.

एका दुपारी सोमाकाकांनी रिमोट माझ्याकडून घेतला आणि विमान उलटं केलं. ते पाठीवर झोपून, चाकं आभाळाकडे करून, खाचरांवरून सरळ निघून गेलं. त्याच्या पोटावरच्या चिकटपट्ट्या, तारा, काड्या सगळ्या वर आल्या होत्या. मखराची मागची बाजू. ते बघून मला जे वाटलं ते सांगितलं तर लोक हसतात. मला वाटलं, ही माझी विद्या आहे. उलटं वाचायला, उलटं लिहायला, उलटं कापायला मी जन्मापासून बघत आलेय, हे मला शिकायला किती वेळ लागणार?

“मला हे शिकवा,” मी म्हणाले.

“शिक की. वर ने, खूप वर. जमीन लांब असली म्हंजी इचार कराया टाइम भेटतो.”

मी वर नेलं, उलटं केलं, आणि तीन मोजायच्या आत ते विमान गिरकी घेत थेट काकींच्या नव्या सारवलेल्या खळ्यात नाकावर पडलं. काकी म्हणजे सोमाकाकांची बायको. त्याच सकाळी त्यांनी आणि त्यांच्या सुनेने शेणाने खळं सारवलं होतं, दुसऱ्या दिवशी मळणी होती. मी विमानाकडे धावले तर त्या काठावरून म्हणाल्या, “आधी चपल्या काढ.” खळ्यात चपला घालून जायचं नसतं हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोकं ठिकाणावर नव्हतं. मी चपला काढल्या, ओल्या शेणावरून चोरासारखी गेले, मोडकं विमान उचललं. माझी पावलं तिथं उमटली. मग काकींनी मला बादली आणि शेण दिलं आणि तेवढा तुकडा माझ्याकडून पुन्हा सारवून घेतला. विमानापेक्षा ते सारवण मला जास्त अवघड गेलं.

सोमाकाका बांधावर बसून बिडी ओढत होते. “काय केलास तू?”

“विमान उलटं होतं, म्हणून मी सगळं उलटं केलं. वर जायचं तर दांडी पुढे ढकलली, उजवीकडे जायचं तर डावीकडे नेली.”

“सगळा कशाला? खाली-वर तेवढा फिरला. डावा-उजवा हाय तसाच.”

“असं कसं? उजवा पंख तर डावीकडे गेला ना?”

“कसा ते मला ठाव नाय. हाय तसाच राहतो, एवढा ठाव हाय.”

माझ्या पुढच्या चारही विमानांचं वाटोळं याच एका गोष्टीने झालं. मखराचं अक्षर पालथं घातलं की त्याचं डावं-उजवं फिरतं, पण वरचं वर आणि खालचं खालीच राहतं. ते माझ्या हाडात भिनलं होतं. विमानाचं नेमकं त्याच्या विरुद्ध. दुसऱ्या कुणा पोरीला हे कोरंच शिकता आलं असतं, मला आधी आमच्या घराण्याची विद्या विसरावी लागणार होती. जिच्यावर मी ऐट करत होते तीच मला पाडत होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “उलटं उडवून मिळणार काय? सरळ उडतंय ना? लोकांना सरळच बघायचं असतं.” मला राग आला. मी म्हणाले, “तुम्ही आयुष्यभर उलटंच कापलंत की.” ते म्हणाले, “हो, पण लावलं सरळ.” त्यावर मी जेवलेच नाही. आईने उडदाचं वरण केलं होतं, त्यामुळे तो उपास फार वेळ टिकला नाही.

मग मी विमानाशिवाय शिकायला लागले. रिमोट बंद ठेवून हातात धरायचा, डोळे मिटायचे आणि मनात विमान उलटं करायचं. वर हवं, पुढे ढकल. खाली हवं, मागे ओढ. उजवं, उजवंच. डावं, डावंच. कॉलेजात बाकाखाली खोडरबरावर अंगठा ठेवून, तांदूळ निवडताना सुपाच्या कडेवर, रांगेत उभं राहून हंड्याच्या काठावर. “अंगठ्याला काही चावलं का हिच्या?” आई बाबांना विचारायची. आता हा अंगठा थंडीत दुखतो, डॉक्टर मोबाइल कमी वापरा म्हणतात. मी त्यांना काही सांगत बसत नाही.

दिवाळी झाली. मळण्या उरकल्या. गावातली माणसं पुन्हा कामाला निघायच्या तयारीला लागली. सोमाकाका निघायच्या आदल्या दिवशी मी विमान खूप वर नेलं आणि उलटं केलं. नाक खाली झुकायला लागलं. सगळं अंग म्हणत होतं, ओढ. अंगठ्याने ढकललं. विमान उलट्याचं उलटं वर उचललं गेलं आणि पुढे जात राहिलं. मी त्याला उजवीकडे वळवलं, उजवीकडेच, आणि ते वळलं. खाचरांच्या कडेने एक पूर्ण फेरी. मी रडत होते असं काकी म्हणतात, मला ते आठवत नाही. सोमाकाकांनी बिडी विझवली. “सरळ उडतं तवा इमान तुला सांभाळतं,” ते म्हणाले, “उलटा केला का तू त्याला सांभाळायचा.” जाताना रिमोट, मोटर, बॅटऱ्या माझ्याकडेच ठेवल्या. “होळीला येन तवा घेईन. आन् शेपूट हलवून बघत जा.”

थंडीत एक दिवस खोडाळ्याच्या पुढच्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक दुकानात आले. त्यांना पुठ्ठ्याची अक्षरं हवी होती. त्यांनी छताला टांगलेलं विमान बघितलं आणि अर्धा तास अक्षरांबद्दल बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, “आमच्या मुलांना शिकवाल का हे? पुठ्ठ्याचं, कशाचंही. आठवड्यातून दोन दिवस, मानधनावर. आसपासच्या आणखी दोन-तीन शाळा मी बघून देतो. फक्त एकदा मुलांसमोर उडवून दाखवा, म्हणजे मला वर बोलता येईल.” बाबांनी आत बघितलं. आई दारात उभी होती. संक्रांतीला पाच दिवस होते, खाटेखाली बॅग भरलेली होती. बाबा म्हणाले, “शनिवारी येतो.” म्हणजे शनिवारी विमान उडालं तर बाबा घरी, नाही उडालं तर वापीला. हे घरात कोणीच मोठ्याने बोललं नाही. आईने त्या दिवशी तिळगुळाचा पाक दोनदा जाळला.

शुक्रवारी मी कॉलेजात असताना बाबांनी नवीन विमान बांधलं. मी आले तर ते टेबलावर ठेवलेलं होतं आणि मी इतकं देखणं विमान आधी कधी पाहिलं नव्हतं. कडा कागदाने घासलेल्या, पंखांवर निळी पट्टी, कुठंही तार नाही, चिकटपट्टी नाही. “सोमाचं काम दिसायला फार ओबडधोबड होतं,” बाबा म्हणाले, “शेपटीची तार वरूनच दिसत होती.” ते हसले. बंदी आल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

शाळेच्या मैदानात मुलं रांगा करून बसली होती, शिक्षक खुर्च्यांवर. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी रिमोट सुरू केला आणि सवयीने दांडीला हात लावणार, तेवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, “सगळं तपासलंय ना?” बाबा म्हणाले, “मी स्वतः बांधलंय, साहेब.” किती महिन्यांनी त्यांचा आवाज तसा निघाला होता. आता त्यांच्यादेखत, चारचौघांत, मी शेपूट हलवून बघायची म्हणजे बापाच्या कामावर संशय घेतल्यासारखं झालं असतं. मी दांडीवरचा अंगठा उचलला. “टाका, बाबा,” मी म्हणाले.

बाबांनी विमान फेकलं. मी दांडी मागे ओढली, वर जायला. विमानाने नाक खाली घातलं.

मी आणखी ओढलं असतं तर हे प्रकरण इथंच संपलं असतं, आणि सरळ उडवणाऱ्या कोणीही आणखी ओढलंच असतं. पण माझा अंगठा दोन महिने एकच गोष्ट शिकला होता. ओढल्यावर खाली जातंय ना, मग ढकल. मी विचार केला नाही, तेवढा वेळच नव्हता. अंगठ्याने ढकललं. विमान मैदानाच्या मातीला टेकता टेकता उचललं गेलं, पहिल्या रांगेतल्या मुलांनी डोकी खाली घातली आणि ते त्यांच्यावरून वर गेलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

वर गेल्यावर मला कळलं काय झालंय ते. शेपटीची पट्टी हलवणारी तार बाबांनी वरून काढून पोटातून फिरवली होती आणि पट्टीला खालच्या बाजूने बांधली होती, आत जोडलेलं पुढचं टोक होतं तिथंच ठेवून. मखराला सगळं मागून बांधतात तसं. दर्शनी बाजू स्वच्छ. त्यामुळे वरचं खाली आणि खालचं वर झालं होतं, डावं-उजवं मात्र होतं तसंच होतं. सरळ उडणारं विमान होतं, आणि त्याला उलटं असल्यासारखं चालवायचं होतं. तळहात इतके ओले झाले की दांडी निसटत होती. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते आणि आभाळाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची मला भीती वाटत होती, कारण त्यावर फक्त आनंद होता.

मग मला एक गोष्ट सुचली, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट असावी. उलट्याला उलटं केलं तर? मी विमान आणखी वर नेलं आणि पाठीवर लोळवलं. दांडी हळूच मागे ओढली. नाक वर आलं. पाठीवर झोपलेलं विमान माझ्या हातात एकदम सरळ झालं, ओढलं की वर, सोडलं की खाली, पहिल्या दिवशी शिकले होते तसं. अंगठा विसावला. मी मैदानाभोवती एक फेरी घातली, दुसरी घातली, शाळेच्या कौलांवरून नेलं, सगळं उलटंच. मुलं उभी राहून ओरडत होती. एक लहान मुलगी माझ्या ओढणीला धरून विचारत होती, “ताई, पडत कां नाय तो?” शिक्षक एकमेकांना सांगत होते की एवढी अवघड गोष्ट ही पोर किती सहज करतेय. त्यांना कोण सांगणार, की त्या दिवशी अवघड होतं ते सरळ उडवणं. मी उलटं उडवत होते ते केवळ जीव मुठीत धरून.

उतरवताना मात्र सरळ करावंच लागलं. त्या एका मिनिटाबद्दल मी फार लिहू शकत नाही. ढकल म्हणजे वर, ओढ म्हणजे खाली, एवढंच मनात म्हणत राहिले. ते धूळ उडवत दोनदा उसळलं आणि थांबलं. मोडलं नाही. मुख्याध्यापकांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “सोमवारपासून या.”

खोडाळ्याहून परतताना जीपमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले होते, मांडीवर विमान. समोर बाजारातून परतणाऱ्या बायका, पायांत कोंबड्यांची टोपली. बाबा खुशीत होते. त्यांनी विमानाची बॅटरी जोडली, रिमोट माझ्याकडून घेतला आणि मुलाने खेळण्याशी खेळावं तशी दांडी मागे ओढली. शेपटीची पट्टी खाली गेली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा खाली गेली. दोन महिने मी घरात टेबलावर शेपूट हलवताना ते बघत आले होते, कुठलं कुठं जायला हवं ते त्यांना ठाऊक होतं.

“हे उलटं बसलंय,” ते म्हणाले.

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“तुम्ही टाकल्यावर.”

जीपने दोन वळणं घेतली. “म्हणून उलटं उडवलंस.”

“उलटं केल्यावर सरळ झालं,” मी म्हणाले.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्न करत नव्हते. जव्हारच्या चढाला लागल्यावर म्हणाले, “तू बघितलं नाहीस ना आधी. मी म्हणालो म्हणून.” मी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की बॅग रिकामी कर, आणि टेबलापाशी बसून ती तार सोडवली. माझ्या मुलीकडे आता एक ड्रोन आहे, ते वाऱ्याने कलंडलं तर स्वतःच सावरतं, तिला काही करावं लागत नाही. मी तिला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारलं, मग आजोबांना वाईट वाटलं असेल ना? वाटलं. खूप वाटलं.

सोमवारी बाबांचा पहिला तास होता, मी मदतीला गेले होते. मुलं जमिनीवर गोल करून बसली होती. बाबांनी तेच निळ्या पट्टीचं विमान मध्ये ठेवलं. शेपटीची तार त्यांनी पुन्हा वरच्या बाजूला आणली होती, चिकटपट्टीसकट, सगळ्यांना दिसेल अशी. मला वाटलं, आता ते पंख कसा कापायचा ते सांगतील. बाबांनी घसा साफ केला.

“परवा हे विमान मी चुकीचं बांधलं होतं,” ते मुलांना म्हणाले. “पोरीने वाचवलं. तेव्हा पहिला धडा. उडवायच्या आधी शेपूट हलवून बघायची. बापाने बांधलं असलं तरी बघायची, आणि त्याच्यासमोर बघायची.”

मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि वाट बघत उभे राहिले.